एक तबकडी, चार डेक

पहाटे साडेपाचला बाबांनी चहाचं आधण ठेवलं आणि त्या आवाजाने मला जाग आली. आज कोजागिरी. संध्याकाळी सात ते दहा जबलपूरच्या राइट टाउनमधल्याच एका गच्चीवर आमच्या मराठी मंडळींचा कार्यक्रम, आणि वाजवायला मी एकटी. शरद पौर्णिमेला जबलपूरचे कितीतरी लोक भेडाघाटला जातात. तिथे नर्मदा महोत्सव असतो, संगमरवरी कड्यांमधून चांदण्यात नावा फिरतात. जे जात नाहीत ते गच्चीवर दूध आटवत बसतात. ही बसणारी मंडळी माझी.

सहाला वरच्या खोलीत गेले. या खोलीत टर्नटेबल दोन आहेत, चालतं एकच. चार वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात एका रात्री विजेचा दाब एकाएकी वाढला आणि दुसऱ्याची मोटर चालवणारं सर्किट जळलं. बाबांनी गन कॅरेज फॅक्टरीत फिटर म्हणून सगळी नोकरी काढली, त्यांच्या हाताला न जुमानणारं यंत्र मी पाहिलेलं नाही. पण त्या सर्किटवरचा एक चिमुकला भाग त्यांना कुठे म्हणता कुठे मिळाला नाही. तेव्हापासून ते टर्नटेबल सुट्या भागांसाठी चादरीखाली ठेवलं आहे. पहिले सहा महिने मला एक हात बांधून ठेवल्यासारखं झालं होतं. आज ते दुरुस्त होऊन आलं, तरी मी ते टेबलावर मांडणार नाही.

सकाळचं पहिलं काम सुईचं. मऊ कुंचल्याने मागून पुढे एकदाच झाडायची, वजन साडेतीन ग्रॅम आहे ना ते काट्यावर बघायचं, मग तबकडी लावायची आणि पडद्याकडे पाहायचं. पडद्याच्या कोपऱ्यात एक वर्तुळ दिसतं. ते गोल आणि रेष बारीक असेल तर सगळं ठीक. आज वर्तुळाची सरळ काठी झाली होती, म्हणजे दोन वाहिन्यांपैकी एकच येत होती. मी काही न बोलता बाबांकडे पाहिलं. त्यांनी चष्मा बदलला, चिमटा घेतला आणि सुईच्या घरामागच्या चार तारा एकेक करून हलवून पाहिल्या: लाल, हिरवी, पांढरी, निळी. पांढरी सैल होती. तारेचं टोक चिमट्याने जरा आवळून परत बसवलं आणि पडद्यावरची काठी फुगून पुन्हा वर्तुळ झाली. केसाएवढी तार, पण संध्याकाळी गच्चीवर ती निसटली असती तर संगणकातले चारही डेक, म्हणजे गाणी वाजवणारे चार कप्पे, माझ्या हाताबाहेर गेले असते.

तबकडीवर गाणं नाही, हे लोकांना सांगावं लागतं. दिसायला ती नेहमीची बारा इंची काळी तबकडी, पण सरळ स्पीकरला जोडली तर तिच्यातून नुसती शिट्टी ऐकू येते, सेकंदाला हजार कंपनांची. डावीकडचा आणि उजवीकडचा सूर एकच, फक्त एक दुसऱ्याच्या पाव लाटेने मागे. कोण पुढे आणि कोण मागे, यावरून तबकडी सुलटी फिरते की उलटी हे संगणक ओळखतो. सूर चढला तर वेग वाढला, उतरला तर कमी झाला. त्याच सुरात बारीक खुणाही कोरलेल्या असतात, त्यावरून सुई कितव्या मिनिटाला आहे तेही कळतं. माझ्या तबकडीच्या एका बाजूला दहा मिनिटं आहेत, दुसऱ्या बाजूला पंधरा. मी बोट टेकवलं की संगणकातलं गाणं थांबतं, मागे ओढलं की मागे जातं.

ही युक्ती पहिल्यांदा 'फायनल स्क्रॅच' नावाने नेदरलँड्समधून आली. 2004 मध्ये न्यूझीलंडच्या सेराटोने रेन या कंपनीबरोबर 'स्क्रॅच लाइव्ह' आणलं आणि डीजे लोकांच्या खांद्यावरच्या रेकॉर्डच्या पेट्या उतरल्या. पण टेबलावरची मांडणी बदलली नाही. दोन टर्नटेबल, दोन डेक, मध्ये मिक्सर. ती मांडणी कुठून आली, हे मी शिकवताना नेहमी सांगते. 1973 च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात कूल हर्क या तरुणाने बहिणीच्या पार्टीत रेकॉर्ड वाजवल्या. नाचणारे लोक गाण्यातल्या नुसत्या तालाच्या तुकड्याची वाट बघत असतात, हे त्याने हेरलं होतं; पण तो तुकडा काही सेकंदांत संपायचा. म्हणून तो एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर लावू लागला. इथे तुकडा संपला की तिथे सुरू, तोवर इथली सुई मागे. म्हणजे दुसरं टर्नटेबल मुळात तुकडा लांबवण्यासाठी लागत होतं. आता तो तुकडा संगणक एका बटणावर कितीही वेळ फिरवत ठेवतो. दुसऱ्या टर्नटेबलाचं ते काम उरलंच नाही, तरी आपण ते मांडतो आणि त्याच्या नावाने कर्ज काढतो. आमच्या शहरात दोन नवी टर्नटेबल घ्यायच्या विचारानेच किती मुलांनी हे शिकणं सोडलं, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. म्हणून एका टर्नटेबलाची गोष्ट मी जीव तोडून सांगते. शिवाय एकच टर्नटेबल असेल तर तबकडीचा सूर आत घेणारी साउंडकार्डची एकच जोडी पुरते. बाहेर जायला दोन जोड्या हव्यात, एक लोकांसाठी आणि एक माझ्या कानांसाठी. 'मिक्स' हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर घेतलं तर परवान्याचाही खर्च नाही.

सात ते नऊ रियाज. या दोन तासांत मी नवं गाणं घेत नाही, फक्त धरणं आणि सोडणं करते. चार डेकपैकी कुणी तबकडीचं ऐकायचं, ते एका छोट्या पेटीवरच्या चार बटणांवर ठरतं. तबकडीच्या ताब्यातल्या डेकला आमच्या घरात 'हातातला' म्हणतात, बाकीचे 'आपसूक' चालणारे. हातातला डेक सोडला की संगणक त्या क्षणी मोजलेला वेग धरून ठेवतो आणि गाणं पुढे चालू राहतं. सगळी गोम त्या 'क्षणी' या शब्दात आहे. थाळीला बोट लागलेलं असताना सोडलं तर तो ओढलेला वेगच गाण्याला चिकटतो. म्हणून आधी हात उचलायचा, थाळीची एक पूर्ण फेरी होऊ द्यायची, मग बटण.

परत धरणं त्याहून अवघड. समजा, पहिला डेक मूळ वेगापेक्षा अडीच टक्के पुढे आपसूक चालला आहे आणि मी दुसऱ्या डेकसाठी टर्नटेबलवरची वेगाची पट्टी एक टक्का मागे ठेवली आहे. अशा वेळी पहिला डेक तसाच धरला तर गाणं सगळ्यांसमोर पाय घसरल्यासारखं खाली बसेल. तेव्हा आधी दुसरा डेक सोडायचा, वेगाची पट्टी पुढे अडीचवर न्यायची, थाळी तिथे स्थिर होऊ द्यायची आणि मग पहिला धरायचा. त्या दोन-तीन सेकंदांत तबकडी कुणाचीच नसते. ती नुसती फिरत असते आणि चारही गाणी आपापली चालत असतात. सुरुवातीला मला त्या सेकंदांची धास्ती वाटायची. आता मी त्यांची वाट बघते. तेवढ्यात मला समोरच्या माणसांकडे नीट पाहता येतं.

तबकडीच्या बिल्ल्यावर मी पांढऱ्या चिकटपट्टीची एक खूण लावली आहे, घड्याळात बारा वाजल्यासारखी. ब्राँक्समध्येच ग्रँडमास्टर फ्लॅश रेकॉर्डवर अशा खुणा करून तुकडा नेमका गाठायचा. तो तबकडीला घड्याळच मानायचा. त्याची प्रत्येक रेकॉर्ड वेगळी होती, त्यामुळे खूण त्या गाण्याची असायची. माझी तबकडी एक आणि गाणी चार, म्हणून खूण दर वेळी नव्याने खरी करावी लागते. पट्टी बाराला आणून थाळी बोटाने धरायची, बटण दाबून नवा डेक ताब्यात घ्यायचा, गाणं पहिल्या समेवर आणायचं आणि मगच थाळी सोडायची. आता या गाण्यासाठी बारा म्हणजे सम. चालू गाणं परत धरलं असेल तर मात्र पट्टीकडे बघायचंच नाही, तिथे कान.

या पट्टीने मला तालाचा एक हिशोबही शिकवला. तबकडी मिनिटाला 33⅓ फेरे घेते, म्हणजे एक फेरा 1.8 सेकंदांचा. मिनिटाला शंभर मात्रांची लय धरली तर एका फेऱ्यात बरोबर तीन मात्रा बसतात. दादरा सहा मात्रांचा. दोन फेऱ्यांत पट्टी बाराला परत येते. केरवा आठ मात्रांचा. त्याची सम कधी बाराला, कधी आठला, कधी चारला पडते आणि तीन आवर्तनांनी, आठ फेरे झाल्यावर पुन्हा बाराला येते. मी हे कुठे वाचलं नाही. एका उन्हाळ्यात रोज पट्टीकडे बघत बसले होते, तेव्हा ते दिसलं.

नऊला अंघोळ, पूजा, बाजार. खोव्याची जलेबी आणली, बाबांना सणाला लागते.

अकराला शेजारचा मुलगा आला. अकरावीत आहे, मला ताई म्हणतो, आईशी मराठी आणि मित्रांशी हिंदी बोलतो. आला तो प्रश्न घेऊनच.

"ताई, सिंकचं बटण आहे ना? ते दाबलं की चारही डेक एका वेगाने चालतात. मग तबकडी कशाला?"

मी त्याला एक जुनं कोळीगीत लावून दिलं आणि त्याच्याखाली संगणकात बनवलेली ढोलकीची लूप, म्हणजे सतत फिरत राहणारा तुकडा. सिंक दाबायला लावलं. सुरुवातीच्या ओळी छान जुळल्या. पहिल्या कडव्यानंतर ढोलकी आणि गाण्यातला ताल यांच्यात फट पडली, आणि कोरस आला तेव्हा दोन घोडे वेगवेगळे धावावेत तसं झालं. त्याचा चेहरा उतरला.

"बिघडलं का काही?"

"काही बिघडलं नाही. त्या काळी सगळे वादक एका खोलीत बसून एकदम वाजवायचे. कोरस आला की सगळ्यांनाच उत्साह येतो, लय थोडी पुढे सरकते. गाणं श्वास घेतं. तुझी लूप श्वास घेत नाही. सिंक एकच आकडा धरून बसतो, आणि या गाण्याला एक आकडा नाहीच."

"मग?"

"मग या गाण्याला हात हवा. लूपला नको. लूप आपसूक चालू दे, आणि तुझा एकुलता एक हात याच्यावर ठेव."

त्याने गाणं हातात घेतलं. कोरस जवळ आला तशी मी त्याची करंगळी धरून थाळीच्या कडेवर टेकवली, केसावरून हात फिरवावा इतकी हलकी. गाणं तेवढंच मागे राहिलं आणि लूप त्याच्या बरोबर आली. त्याने सुटकेचा श्वास सोडला आणि त्याच दमात बटण दाबलं. करंगळी अजून थाळीवरच. मागे ओढलेला वेग गाण्याला चिकटला आणि चार ओळींत सगळं पुन्हा सुटलं.

"हात आधी," मी म्हटलं. "मग एक फेरी. मग बटण."

बारा वाजेपर्यंत त्याने ते अठरा वेळा केलं. शेवटच्या चार वेळा बरोबर आलं. गाणं सोडल्यावर त्याचा हात हवेत तसाच राहिला होता, परत धरायला तयार. ते मी त्याला शिकवलं नव्हतं.

दुपारी जेवून पंधरा मिनिटं डोळा लागला. दोन ते चार यादी. गाणी निवडायला मला वेळ लागत नाही, कुठलं गाणं हातात आणि कुठलं आपसूक हे ठरवायला लागतो. पहिल्या दोन डेकवर आलटून पालटून गाणी, तिसऱ्यावर ढोलकी, लेझीम, टाळ यांचे तुकडे, चौथ्यावर तुतारी आणि टाळ्या. नवी गाणी बहुतेक संगणकाच्या ठोक्यावर ध्वनिमुद्रित होतात, त्यांचा वेग शेवटपर्यंत हलत नाही. त्यांच्यापुढे 'आ' लिहिते. पन्नास-साठच्या दशकातली भावगीतं, लावण्या, कोळीगीतं यांच्यापुढे 'हा'. दोन 'हा' गाणी एकमेकांत मिसळायची नाहीत, कारण हात एक आहे. त्यांच्यामध्ये लूपचा पूल टाकायचा. एकाच टर्नटेबलाने आलेली ही मर्यादा मला फार मोलाची वाटते. दोन टर्नटेबल होती तेव्हा मी दोन्ही गाणी एकदम ओढत-ढकलत राहायचे आणि दोन्हींकडे अर्धंच लक्ष असायचं. आता मला दर मिनिटाला ठरवावं लागतं की या घटकेला माझी गरज नेमकी कुणाला आहे.

साडेचारला ई-रिक्षा आली. टर्नटेबल मांडीवर, बाकी सामान पायाशी. चालकाने विचारलं, "दीदी, एक ही है?" मी हो म्हटलं.

गच्चीवर पहिलं काम फरशी. स्लॅब नाचणाऱ्या पायांनी हलतो, आणि खालचा आवाज टेबलातून सुईपर्यंत चढला तर सुई उडते. म्हणून चार कोपऱ्यांना जाड स्पंजाचे तुकडे, त्यावर शहाबादी फरशी, तिच्यावर टर्नटेबल. फरशीचं वजन आणि स्पंजाचा मऊपणा मिळून थरथर गिळतात. मोठा स्पीकर दुसऱ्या टोकाला. आवाजही बेताचाच ठेवायचा. 2000 च्या ध्वनी नियमांत निवासी भागाला दिवसा 55 डेसिबल, रात्री 45, आणि दहा वाजता ध्वनिक्षेपक बंद. हा नियम मला जाचक वाटत नाही. लग्नाच्या वरातीत गाडीवरून छातीवर आदळणारा जो आवाज असतो, त्यालाच आज लोक डीजे म्हणतात. त्या शब्दात ऐकणारा कान असतो, हे लोकांना पुन्हा दाखवायचं तर आवाज लहानच हवा.

सातला चंद्र समोरच्या इमारतीच्या टाकीमागून वर आला. पहिला तास लहान मुलांचा, सगळी 'आ' गाणी. मी बहुतेक वेळ नुसती पाहत होते: कोण बसलं आहे, कुणाचा पाय हलतो आहे. सव्वाआठला एका आजींनी खुणेने बोलावून जुनी लावणी मागितली. तेव्हा पहिल्या डेकवर लेझीमचं गाणं चालू होतं आणि माझ्या हातात होतं. हात उचलला. एक फेरी. सोडलं. तिसऱ्या डेकवर ढोलकी सुरू केली, आपसूक. तबकडी कुणाचीच नाही. पट्टी बाराला धरली, दुसरा डेक ताब्यात घेतला, लावणीची सम पट्टीखाली आणली. कानात ढोलकी, बोटाखाली लावणी. एक आवर्तन जाऊ दिलं आणि थाळी सोडली. गायिकेचा आवाज गच्चीवर पसरला आणि आजींनी पदर खोचला.

पुढची सव्वातीन मिनिटं मी त्या गाण्याशिवाय कुठेच नव्हते. गायिका शब्दावर रेंगाळली की ढोलकी पुढे जायची, मी लावणीला किंचित पुढे लोटायचे. कडवं संपताना वादक घाई करायचे, मी करंगळी टेकवायचे. समोर आजी उठून उभ्या राहिल्या. त्यांच्याबरोबर त्यांच्या सुना, मग नाती. पायात चाळ नव्हते, चपला काढून त्या नाचल्या.

नऊनंतर दंव पडू लागलं. ऑक्टोबरच्या रात्री गच्चीवर ते दिसत नाही, हाताला लागतं. नऊ वाजून दहा मिनिटांनी वर्तुळाची कड केसाळ झाली, मग तुटली. हातातला डेक अडखळणार इतक्यात मी बटण दाबून तो आपसूक केला. गाणं चालत राहिलं. सुई उचलली, तिच्या टोकावर ओल्या धुळीचा पुंजका. कुंचल्याने झाडला, तबकडी मऊ कापडाने आतून बाहेर पुसली. या सगळ्याला दीड मिनिट लागलं, तेवढ्या वेळात चारही डेक आपसूक होते आणि नाचणाऱ्यांपैकी कुणी मान वळवून पाहिलंही नाही. सुई परत कुठेही टेकवली तरी चालते, कारण मी तबकडीचा फक्त वेग आणि दिशा घेते, जागा घेत नाही. जागा घेतली असती तर गाणं उडी मारून भलतीकडे गेलं असतं. थाळी स्थिर झाली, वेगाची पट्टी जुळवली, डेक धरला. पुढचा पाऊण तास मी तबकडीवर छत्री धरायला त्या अकरावीतल्या मुलाला उभं केलं.

दहाला दोन मिनिटं असताना शेवटचं गाणं उतरवलं. आवाज बंद झाला तरी थाळी फिरत होती. कुणीतरी दुधाच्या पातेल्यावरचं झाकण काढलं, केशराचा वास आला. स्पीकर नाही म्हटल्यावर लोक जवळ सरकून बसले आणि आजींनीच पहिली ओळ उचलली. त्या गात होत्या तशी त्यांची लय हलत होती आणि टाळ्या वाजवणारे सगळे तिच्यामागे चालले होते. मुलगा माझ्याकडे पाहून हसला. त्याची करंगळी मांडीवर हलत होती.

साडेअकराला घरी. बाबा जागे होते. त्यांनी तबकडी दिव्याखाली तिरकी धरून पाहिली.

"ओल लागली का गं?"

"लागली. पुसली."

"ही बाजू उद्या साबणाच्या पाण्याने धुवायला हवी," ते म्हणाले आणि तबकडी पितळी तांब्याला टेकवून उभी ठेवली, पंख्याच्या वाऱ्यात.